बडोद्याला निघण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रवेश पक्का झाल्याचं कळलं. एम.व्ही.ए., म्हणजे दृश्यकलेची पदव्युत्तर पदवी, पेंटिंग, बडोदा. घरी पेढे वाटून झाले असतील आणि पाठोपाठ ‘पण पुढे नोकरीचं काय?’ हेही निघालं असेल. ते आधी उरकून घेऊ. सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि साधारणपणे नेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये दृश्यकला हा विषय आहे. जागा मोजक्या निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे पुष्कळ आहेत, हेही बाबांना लपवून न ठेवता सांग.

चित्र काढायला मात्र ही पदवी लागत नाही. सुधीर पटवर्धन पुण्याच्या ए.एफ.एम.सी.तून डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली आणि ठाण्या-मुंबईतली माणसं, इमारती, रेल्वेचे पूल रंगवले. आर्ट स्कूलमध्ये ते शिकले नाहीत. मग दोन वर्षं आणि एवढा पैसा कशाला घालवायचा, असं तू विचारलंयस. माझं उत्तर: तुझा हात तयार आहे म्हणून.

कोल्हापूरची चित्रकलेची परंपरा तशीच आहे. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली हातोटी तुझ्या मनगटात उतरली आहे. म्हाताऱ्या मॉडेलचं डोकं तू एका बैठकीत उभं करतेस. गालफडाखालची थंड छाया, कानाच्या पाळीतला तांबडा, कपाळावर चपट्या ब्रशचे दोन-तीन सरळ फटके आणि सगळ्यात शेवटी नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एक टिपका. लोक मागे उभे राहून ‘वा’ म्हणतात. हे कसब खरंच कमावलेलं आहे, त्याला कुणी तिथे नाकं मुरडली तर मनावर घेऊ नकोस. पण या कसबाची एक खोड आहे. डोळ्याला काही प्रश्न पडायच्या आतच हात चित्र पुरं करून टाकतो. पाच वर्षांत तू ‘सबमिशन’साठी इतकं काम पुरं केलंयस, की अर्धवट चित्र भिंतीवर ठेवून चार दिवस त्याच्याकडे बघत बसणं तुला आळस वाटेल. बडोद्यात तेच शिकायचं आहे.

तिथे विषय कुणी देत नाही. एक जागा मिळते, एक भिंत मिळते, आणि ‘कर काम’ म्हणतात. आपल्याकडची मुलं सुरुवातीला इथेच गडबडतात. काय करायचं सुचत नाही, मग येतं ते करतात. पंचगंगेचा घाट, ओल्या पायऱ्या, दीपमाळ, नावाडी. सर येतात, ‘अच्छा है’ म्हणतात आणि शेजारच्या टेबलाकडे वळतात. तिथलं ‘अच्छा है’ हे शाबासकी म्हणून घरी कळवू नकोस. ज्या चित्रापाशी कुणीतरी दहा मिनिटं गप्प उभं राहिलं आणि मग ‘हा हिरवा इथे का आला?’ असं विचारलं, त्या दिवशी फोन कर.

क्रिटबद्दल, म्हणजे सगळ्यांनी चित्रासमोर बसून केलेल्या चर्चेबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण फीचे पैसे खरे वसूल होतात ते तिथे. सर यायच्या वेळेला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात मोड. नुसता चारकोलचा आराखडा असला तरी राहू दे. बोलणं सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं खुलासा करू नकोस. ‘मला इथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडातून गेलं की समोरचे तुझं म्हणणं ऐकतात, चित्र बघायचं थांबवतात. आणि एका मैत्रिणीला तुझ्या वहीत लिहून घ्यायला बसव, तिच्या वेळेला तू बस. स्वतःच्या क्रिटमध्ये माणसाच्या कानात दडे बसतात. संध्याकाळी आठवतं ते फक्त लागलेलं वाक्य. वहीत मात्र बाकीचं सापडतं, आणि पुष्कळदा उपयोगाचं तेच असतं.

सगळंच ऐकायचं असंही नाही. प्रत्येक मास्तर तुझ्या कॅनव्हासवर थोडं स्वतःचं चित्र शोधत असतो (मलाही त्यात धर). कुणी म्हणेल आकृत्या काढून टाक, कुणी म्हणेल आकृत्याच ठेव. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या शब्दांत चित्राच्या एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं, तर तो कोपरा खराच बघण्यासारखा. उपाय त्यांचा घेऊ नकोस, कोपरा घे.

तुला वाटतं तसं त्या संस्थेला आपल्या पद्धतीचं वावडं नाही. १९५० साली तिथे ललित कलेचं शिक्षण सुरू झालं आणि चित्रकलेचा विभाग उभा केला नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले, निसर्गचित्रात पक्के. तुझ्याइतकाच तयार हात होता, जरा जास्तच. तरी ते घनवादाकडे गेले, अमूर्ताकडे गेले, ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवून पाहिलं. आणि त्यांच्या वेळच्या विद्यार्थ्यांची नावं बघ: शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख. एकाचं काम दुसऱ्यासारखं नाही, आणि बेंद्र्यांसारखं तर कुणाचंच नाही. मास्तर म्हणून मला याचा हेवा वाटतो.

यातले ज्योती भट्ट चित्रकलेचे विद्यार्थी, पण नाव झालं ते छापचित्रांनी आणि गावोगावच्या रांगोळ्या नि भिंतीचित्रांच्या फोटोंनी. हे मुद्दाम सांगतोय. पहिल्याच सत्रात ग्राफिक्स (छापचित्रांच्या) विभागात जाऊन ओळख काढ आणि जमेल तसं एचिंग शिकून घे. तुझ्या घाईवर याहून चांगलं औषध मला माहीत नाही. जस्ताची प्लेट घासायची, तिच्यावर ग्राउंड (ॲसिड अडवणारा लेप) चढवायचा, सुईने ओरखडायचं, ॲसिडमध्ये सोडायची आणि थांबायचं. किती वेळ ठेवलं त्यावर रेघ किती खोल जाईल ते ठरतं, मनगटाचा जोर तिथे चालत नाही. मग शाई भरून पुसायची, ओलसर कागद घालून प्रेसमधून काढायची, आणि कागद उचलल्यावर चित्र उलटं, डावं ते उजवं. हा झाला पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप. तो बघून पुन्हा प्लेटवर काम, पुन्हा ॲसिड, दुसरा प्रूफ. अर्धवट चित्र कागदावर छापून समोर टांगलेलं असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो धीर घेऊन पुन्हा कॅनव्हासकडे ये.

नसरीन मोहमदींची रेखाटनं प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर सोडू नकोस. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या बडोद्याला शिकवत होत्या. कागदावर शाई आणि पेन्सिलीच्या बारीक रेघा, बस्स. न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय २०१६ मध्ये उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं एक होतं. पुस्तकातल्या फोटोत ती चित्रं मरतात, नुसता आलेख वाटतो. मूळ कागदापाशी गेल्यावर दिसतं की एक रेघ मध्येच किंचित फिकी होते आणि सगळी जागा मागे सरकते. भरघोस रंग लावणाऱ्या मुलीने हे बघायलाच हवं. तसं काढायला लागू नकोस म्हणजे झालं. बारीक रेघांच्या नकला पुष्कळ पाहिल्यात.

भाषेची धास्ती तू तीनदा लिहिली आहेस. वर्गात केरळची, बंगालची, आसामची मुलं असतील, बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालेल. बोलताना अडलीस तर अड. वही मात्र मराठीत लिही, पहिल्या दिवसापासून. चित्रकार प्रभाकर बरवे नागावचे, त्यांनी चित्रांबद्दलचा विचार वर्षानुवर्षं वह्यांमधून मराठीत केला, आणि तो इतका नेमका होता की त्याचं पुढे पुस्तक झालं. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायची वेळ आली की मुलं जडजंबाल इंग्रजी शब्द कुठून कुठून उचलून आणतात. तू वहीतून वाक्यं काढ, मग त्यांचं इंग्रजी कर. ‘मी आजीच्या ट्रंकेचं कुलूप सात वेळा रंगवलं, कारण ते आतून कसं असेल ते कळत नव्हतं’ असं एक वाक्य तसल्या चार पानांना भारी पडतं.

सामानाचं थोडक्यात. महागडे विदेशी रंग सुरुवातीला घेऊ नकोस, पैसा कागदावर घाल. तयार कॅनव्हास टाळ. कापड आणून स्वतः ताण, प्रायमरचे हात स्वतः मार. फेव्हिकॉल आणि झिंक ऑक्साइडचा लेप सगळे लावतात, सरावाला चालतो, पण घट्ट लावलास तर गुंडाळताना तडकतो. पावसाळ्यात कागद भिंतीला टेकवून ठेवू नकोस. प्रत्येक काम सरळ उभं राहून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेव आणि मागे आकार, माध्यम, साल लिही. इनलॅक्सच्या कलापुरस्काराचा अर्ज असो की कोचीचं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन, स्टुडंट्स बिएनाले, मुदत नेहमी उद्याची असते आणि फोटो नेमके सापडत नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या वर्षाची, जे अभ्यासक्रमात नाही. वार्षिक डिस्प्ले, म्हणजे शेवटचं प्रदर्शन, उतरला की भिंत गेली, प्रेस गेली, रोज येऊन बघणारी माणसं पांगली. चांगली चांगली मुलं त्याच पावसाळ्यात काम थांबवतात, आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो. बडोद्यात बरेचजण तिथेच राहतात, दोघं-तिघं मिळून जागा घेतात, भाडं वाटून घेतात, एकमेकांच्या कामात नाक खुपसतात. तसं राहायचं की परत यायचं, ते दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ठरव, डिस्प्लेच्या धांदलीत नको. राहणार असलीस तर जोडीदार आत्तापासून हेर. आवडीनिवडी जुळणारे नकोत, वेळेवर भाडं देणारे आणि तोंडावर बोलणारे बघ.

परत येणार असलीस तर आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाच्या वखारीची शेड आहे. उत्तरेला मोठी खिडकी, पत्रा दोन ठिकाणी गळतो, तो मालक दुरुस्त करून देईल. भाड्याचं मी बोलू शकतो. दिवाळीत कळव.

तुझा,
सर