आधी ऊन मोजा, मग कुंड्या घ्या

ताई, रोपवाटिकेत जाण्याआधी बाल्कनीचं तोंड कुठे आहे ते बघा. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, फक्त लोखंडी ग्रिलला चिकटून धरू नका, दिशा चुकते.

दक्षिणेची बाल्कनी सगळ्यात उत्तम, असं जागोजागी वाचाल. ते थंड देशांतलं गणित. पुणं साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर स्लॅब असेल तर तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन जवळपास येतच नाही. डिसेंबरअखेरीस मात्र सूर्य दुपारीही जेमतेम ४८ अंशांवर, त्यामुळे ऊन पार आतपर्यंत पोचतं. म्हणून टोमॅटो-मिरची तिथे ऑक्टोबरात लावा. त्यांना रोज सहा तास तरी ऊन हवं. मी पहिल्या वर्षी एप्रिलात लावली आणि नुसत्या लांबट काड्या वाढवल्या.

पूर्वेचं कोवळं ऊन तुळस, पुदिना, कोथिंबिरीला मानवतं. पश्चिमेला उन्हाळ्यात कुंडीसुद्धा हाताला चटका देते. बोगनवेल सोसेल, बाकीच्यांना हिरवी जाळी बांधाच. उत्तरेला मनीप्लांट, नेचे. तिथेही मेअखेरीस सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं, तेव्हा नेचे आत सरकवा.

आणि हो, समोरची इमारत! तिच्यापुढे सगळ्या दिशा फिक्या. एखाद्या रविवारी दर तासाला उन्हाची कड खडूने फरशीवर आखा. डिसेंबरात पुन्हा आखा, मग बोलू.