वाचकांचे प्रश्न: खिशातला कॅमेरा, रिको की फुजी?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: मोठ्या सेन्सरचे (सेन्सर म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग), लेन्स न बदलता येणारे छोटे कॅमेरे. पहिलं पत्र सगळ्यांच्या मनातलं आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : बरीच वर्षं फोनवर फोटो काढतोय, आता कॅमेरा घ्यायचाय. रिको जीआर ३ आणि फुजीफिल्म एक्स१०० व्हीआय यांच्यात अडकलोय. दुकानात जाता-येता रस्त्यावरचे, मंडईतले फोटो आणि वर्षातून एकदा वारी, एवढाच उपयोग. लेन्स बदलत बसायची हौस नाही. कोणता घेऊ? (सातारा)

उत्तर : दोन्हींचा सेन्सर एकाच मापाचा आहे, एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिमी. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सेन्सरच्या तिपटीहून जास्त क्षेत्रफळ. रिकोचे २४ मेगापिक्सेल आणि फुजीचे ४० या फरकावर फार डोकं घालवू नका. १२ × १८ इंची प्रिंटला २४ सुद्धा पुरून उरतात. ४० चा फायदा होतो तो नंतर फोटो कापायचा असेल तेव्हा.

खरी निवड चौकटीची आहे. जीआर ३ ची लेन्स फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २८ मिमी (आकडा जितका लहान, तितकी चौकट रुंद), एक्स१०० व्हीआयची ३५ मिमी. तुम्ही पत्रात उल्लेख केला नाही, पण २०२१ मध्ये आलेला जीआर ३एक्सही विचारात घ्या, त्याची ४० मिमी आहे. कागदावर हे आकडे जवळजवळ वाटतात, हातात घेतल्यावर तसं राहत नाही. भाजीवालीपासून दोन मीटरवर उभं राहून कॅमेरा आडवा धरा. जीआर ३ मध्ये अडीच मीटरहून थोडी जास्त रुंदी येते: ती, तिच्या पाट्या, शेजारच्या गाळ्यातला तराजू, पिशवी पुढे करणारा गिऱ्हाइकाचा हात. एक्स१०० मध्ये दोन मीटर येतात, तराजू जातो. ३एक्समध्ये एक मीटर ऐंशी. ती आणि तिच्या पाट्या, बस. २८ ला चेहरा मोठा हवा असेल तर एक मीटरपर्यंत जावं लागतं, आणि तेवढं जवळ जायची सवय प्रत्येकाला नसते.

यातलं आपलं कोणतं, हे पैसे न घालवता कळतं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स २४ मिमीच्या आसपास असते, नेमका आकडा फोनच्या माहितीपत्रकात सापडेल. २४ असेल तर झूम १.२ वर ठेवलं की २८ ची चौकट मिळते, १.५ वर साधारण ३५ ची आणि १.७ वर ४० ची. प्रत्येक आकड्यावर एक आठवडा काढा, मध्ये बोटांनी झूम करायचं नाही. ज्या आठवड्यात ‘थोडं मागे जायला हवं होतं’ किंवा ‘थोडं पुढे’ असं सारखं वाटलं नाही, ती तुमची लेन्स.

मग वजन. जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम आणि ३३ मिमी जाड, पँटच्या खिशात मावतो. एक्स१०० व्हीआय ५२१ ग्रॅम आणि ५५ मिमी. तो गळ्यात किंवा पिशवीतच. दुकानात जाता-येता वापरायचा कॅमेरा रोज सोबत येतो की आठवड्यातून दोनदा, हे इथे ठरतं.

रिकोचं सगळ्यात मोठं बलस्थान म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधी ठरवून ठेवायचं आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं; कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. जीआर ३ वर एफ/८ (एफ म्हणजे लेन्समधल्या छिद्राचं, अॅपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) आणि २.५ मीटर ठेवलंत तर साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३एक्सवर हीच मांडणी केली तर स्पष्ट पट्टा दीड ते सहा मीटर एवढाच उरतो, कारण लेन्स लांब आहे. जीआर ३ ची सवय असलेले लोक ३एक्स घेऊन नाराज होतात ते बहुधा यामुळेच. एफ/८ ला दिवसा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा आणि किमान शटर १/२५० सेकंद करून टाका, नाहीतर चालणारी माणसं हलतात.

फुजीकडे या बदल्यात तीन गोष्टी आहेत. व्ह्यूफाइंडर: आषाढातलं ऊन ढगातून अचानक बाहेर आलं की रिकोचा मागचा स्क्रीन आरसा होतो, फुजीला डोळा लावता येतो. दुसरं, लेन्स एफ/२ ची आहे, रिकोची एफ/२.८, म्हणजे दुप्पट प्रकाश. कीर्तनाच्या मंडपात १/१२५ वर फुजीला आयएसओ ३२०० लागत असेल तिथे रिकोला ६४०० लागेल. हात हलू नये म्हणूनची स्थिरता दोघांतही आहे, पण ती टाळ वाजवणाऱ्याचे हात थांबवत नाही, हे लक्षात ठेवा. तिसरं, चेहरा ओळखून फोकस धरण्यात फुजी पुढे आहे. मंद उजेडात जीआर ३ चा ऑटोफोकस चाचपडतो.

वारीत एक अडचण दोघांनाही येते: पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि सावळे चेहरे एकाच चौकटीत. कॅमेरा चेहऱ्याला उजेड देतो आणि सदरा कागदासारखा कोरा होतो. जीआर ३ मध्ये हायलाइट-वेटेड मीटरिंग (उजळ भाग जपणारी प्रकाशमोजणी) निवडा आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, नंतर सावल्या उचलता येतात. फुजीत डायनॅमिक रेंज ४०० (उजळ भाग कोरा होऊ न देणारी सोय) ठेवा, पण त्यासाठी आयएसओ किमान ५०० लागतो. भर उन्हात एफ/२ ला मग १/४००० सुद्धा अपुरा पडतो, तेव्हा कॅमेऱ्यातला एनडी फिल्टर (आत येणारा प्रकाश कमी करणारी काच) चालू करा; तो चार स्टॉपचा आहे, एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. रिकोचा एनडी दोन स्टॉपचा. रिंगणाच्या घोड्याची आशा मात्र दोघांकडूनही धरू नका. कडेला उभं राहून २८ किंवा ३५ मध्ये घोडा मुंगीएवढा येतो. रिंगणाभोवतीची माणसं काढा.

बॅटरी ही रिकोची दुखरी बाजू. कंपनीच्याच मोजणीत एका चार्जवर साधारण २०० फोटो, आणि वारीत ते दुपारपर्यंत संपतात. दोन जादा बॅटऱ्या घ्याव्याच लागतील. यूएसबी-सीने पॉवर बँकवर चार्ज होते, एवढी सोय आहे. कार्ड घरी राहिलं तर आत २ जीबी जागा आहे, थोडे फोटो त्यावर निभतात.

तुमच्या पत्रात ‘जाता-येता’ रोजचं आहे आणि वारी वर्षातून एकदा, म्हणून आमचं मत रिकोकडे झुकतं. २८ की ४० ते फोनवरच्या परीक्षेने ठरवा. पण ३५ वरच हात बसला आणि खिशाऐवजी गळा चालणार असेल, तर फुजी घ्या आणि मागे वळून बघू नका. अजून एक: २०२५ मध्ये जीआर ४ आला. तो २८ मिमीचाच आहे, आतली साठवण ५३ जीबी, स्थिरता पाच अक्षांची, पण कार्ड मायक्रो-एसडी आणि बॅटरीही वेगळी. जीआर ३ च्या जुन्या बॅटऱ्या त्यात चालणार नाहीत.

प्रश्न : माझ्या जीआर ३ मध्ये आकाशाच्या फोटोत एकाच जागी राखाडी ठिपका दिसतो. लेन्स पुसून झाली, जात नाही. (पुणे)

उत्तर : लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत अशी दिसत नाही. हा कण सेन्सरवर आहे. चालू-बंद करताना लेन्स आत-बाहेर सरकते, तेव्हा हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातली सुताची लव आत जाते.

आधी खात्री करा. अॅपर्चर एफ/१६, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून अगदी जवळ, एक्सपोजर +१. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे धरून, फोटो निघत असताना कॅमेरा थोडा हलवा, म्हणजे भिंतीचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे तेवढे जागेवर राहतात. फोटो फोनवर घेऊन कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. मग एफ/५.६ वर तेच करा. अॅपर्चर जितकं बारीक तितकी कणाची सावली ठळक. उघडं केलं की ती विरते. म्हणून ठिपका फक्त एफ/११ च्या पुढे दिसत असेल तर एफ/८ किंवा त्याहून उघड्या अॅपर्चरवर काम करा आणि कॅमेरा उघडायला देऊ नका.

मेनूत धूळ झटकण्याची सोय आहे. लेन्स जमिनीकडे करून ती पाच-सहा वेळा चालवा, सुटा कण पडतो. चिकटलेला पडत नाही. लेन्सच्या फटीत ब्लोअर (हवा मारणारा रबरी फुगा) किंवा डब्यातली हवा मारू नका, बाहेरची धूळही आत जाईल. व्हॅक्युम क्लीनर लावून ओढायचे प्रयोग लोक करतात, तेही नको. लेन्सच्या नाजूक यंत्रणेवर ताण येतो. एफ/५.६ लाही दिसत असेल तर सर्व्हिस सेंटर. यापुढे खिशात ठेवताना लव न सुटणाऱ्या कापडाच्या छोट्या पिशवीत ठेवा, आणि खिशात असताना बटण दाबलं जाऊन लेन्स बाहेर येत नाही ना, तेही बघा.

प्रश्न : आम्ही समुद्राजवळ राहतो. एक्स१०० व्हीआय पावसात चालतो असं दुकानदार म्हणाला. खरं का? आणि फंगसचं काय? (रत्नागिरी)

उत्तर : अर्धं खरं. पाऊस-धुळीपासूनचं संरक्षण पुरं होतं ते पुढे अडॅप्टर रिंग आणि तिच्यावर ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर लावल्यावरच. फोकस करताना लेन्सचा पुढचा भाग सरकतो, ती फट फिल्टरनेच झाकली जाते. हे दोन्ही लावूनही भुरभुर, शिंतोडे एवढंच. कोकणातल्या सरीत कॅमेरा पिशवीत. जीआर ३ ला असं संरक्षण मुळीच नाही. खारा वारा लागला असेल तर घरी आल्यावर पाण्याने जरा ओलसर केलेल्या कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं कापड फिरवलं तर मीठ घासलं जातं.

फंगसची, म्हणजे लेन्सच्या काचेवर वाढणाऱ्या बुरशीची, काळजी या कॅमेऱ्यांत जास्त घ्यायला हवी, कारण लेन्स बदलून सुटका नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर फार दिवस राहिला तर फंगसला वाव मिळतो. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी सिलिका घ्या. हिरवट झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते, पण ज्या भांड्यात ती तापवाल ते परत स्वयंपाकाला घेऊ नका. कॅमेऱ्याची चामड्याची पेटी डब्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा-पंधरा फोटो काढाच.

एसीच्या गाडीतून उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद असू द्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काढा. थंड काचेवर दमट हवा लागली की आतून धुकं धरतं.

प्रश्न : यांतला व्हिडिओसाठी कोणता? (नागपूर)

उत्तर : फुजी. ४के ६० फ्रेमपर्यंत, माइकसाठी २.५ मिमीचं भोक. जीआर ३ फुल एचडीच्या पुढे जात नाही, माइक लावता येत नाही. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर मात्र या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : जुना जीआर ३ बघायला जाणार आहे. काय तपासू? (ठाणे)

उत्तर : चार्ज केलेली बॅटरी विक्रेत्याला आणायला सांगा, कार्ड तुमचं न्या.

आधी खोका आणि कॅमेऱ्याचा तळ. नावात ‘एचडीएफ’ असेल तर त्या प्रकारात एनडी फिल्टर नाही, त्या जागी उजेडाभोवती मऊ वलय आणणारा फिल्टर आहे. अनेक जण हे न कळता घेतात. बिलावरचा आणि तळावरचा सीरियल नंबर एक आहे का, बिल भारतातलं आहे का, तेही बघा. बाहेरून आणलेल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती इथे कोण करेल ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

मग दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स अडखळली, घरघरली, किंवा पुढची झाकणं अर्धवट उघडली तर तिथेच थांबा. बंद कॅमेरा हलवल्यावर आत हलका खुळखुळाट येऊ शकतो. तरंगत्या सेन्सरचा तो आवाज आहे, त्याला घाबरू नका. मागचं गोल चाक हा या कॅमेऱ्याचा ठरलेला दुखरा भाग. एकेक खटका फिरवा: आकडा एकेकच पुढे जायला हवा. दोन उड्या मारतो किंवा उलटा जातो का, ते दोन मिनिटं शांतपणे बघा.

वर दिलेली एफ/१६ ची धुळीची परीक्षा करा. लेन्स बाहेर असताना टॉर्च तिरका मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर फंगस, किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या. एकदोन धुळीचे कण चालतात. एक फोटो विटांच्या भिंतीचा एफ/२.८ वर, कॅमेरा भिंतीला समांतर धरून काढा, आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा पुसट असेल तर कॅमेरा पडलेला असू शकतो. बॅटरी शेवटी काढा: बोट सोडल्यावर ती आपणहून वर यायला हवी. अडकत असेल तर फुगली आहे, आणि नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून वजा करा.