स्वतः बनवलेलं प्रायोगिक पेट्रोल इंजिन पहिल्या चाचणीत दोन-चार ठोके देऊन बंद पडतं. दोष शोधायला सुरुवात कुठून करावी?

आधी सिलिंडरची गळती तपासा, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) आणि टायमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) त्यानंतरच हात लावा. टेस्ट बेंचवर मी हाच क्रम पाळतो, कारण दाबच टिकत नसेल तर मिश्रण कितीही जुळवा, उपयोग शून्य. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आणा, क्रँक पक्का अडकवा (हवेच्या दाबाने तो गर्रकन फिरतो, हात सांभाळा) आणि स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान द्या. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. इथे सगळं ठीक असेल तर इंजिन बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी तरी कमजोर आहे किंवा इंधन जास्त होतंय, कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आणि अगदी कोरडा-स्वच्छ असेल तर बहुधा इंधनच पोचत नाहीये. एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा. फक्त एक लक्षात घ्या: कोऱ्या इंजिनात रिंगा अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे तिथली थोडी गळती लगेच दोष धरू नका, इंजिन काही तास चाललं की गरम असतानाच पुन्हा मोजा.