अरबी शैलीतलं भव्य हॉटेल डिझाइन करायचं तर घुमट आणि वाऱ्याचे मनोरे किती ठेवावेत?

प्रश्न असा आहे की दुबई-अबुधाबीकडे पारंपरिक अरबी धाटणीचं आलिशान हॉटेल डिझाइन करायचंय, तर घुमट, कमानी आणि वाऱ्याचे मनोरे यांचं प्रमाण काय ठेवावं. आर्किटेक्चरचा थिसिस दिसतोय. खरं तर पुढे जाणार होतो, पण 'मनोरे किती' वाचलं आणि थांबलो, कारण त्या मनोऱ्यावरून मी एकदा ऑफिसात जे भांडलोय ते अजून घशात अडकलंय.

घुमटांचं आधी उरकतो. अबुधाबीच्या एमिरेट्स पॅलेस हॉटेलवर ११४ घुमट आहेत, २००५ ला उघडलंय, आणि तिथे शोभतात कारण ते राजवाड्याच्या थाटातच बांधलंय. पण आखातातली जुनी राहती घरं सपाट गच्चीची, घुमट बघायचा तर मशिदीवर. आणि तो कांद्यासारखा फुगलेला, वर कमळ लावलेला घुमट लोक 'अरेबियन' म्हणून काढतात ना, तो आपल्या आग्रा-दिल्लीकडचा. मोरोक्कोची घोड्याच्या नालेसारखी कमान, कैरोची मशरबिया म्हणजे लाकडी जाळीची खिडकी, जेद्दाचे रोशन म्हणजे भिंतीबाहेर आलेले लाकडी सज्जे, मध्य सौदीतल्या नज्दच्या मातीच्या भिंतीतली त्रिकोणी भोकं, हे सगळं एका लॉबीत कोंबलं की लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन होतं. एक प्रदेश धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

आता मनोरा. तिकडे बरजील म्हणतात. दुबईत खाडीकाठचा अल फहिदी भाग आहे, जुनं नाव बस्ताकिया, इराणातल्या बस्तककडच्या व्यापाऱ्यांनी १९ व्या शतकाच्या शेवटी वसवलेला. तिथले बरजील नीट बघा. चारी बाजूंनी उघडे, आणि आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन भिंती, वरून फुली मारल्यासारख्या. वारा कुठूनही येवो, त्या फुलीला आपटतो आणि खाली खोलीत उतरतो, गरम हवा दुसऱ्या बाजूने वर जाते. वीज नाही, पंखा नाही. थंडीत खालून फळ्या लावून बंद करायचे.

मी तिकडे एका कन्सल्टन्सीत होतो, समुद्राकाठी एका मोठ्या हॉटेलचं काम चाललेलं. आमचे सीनियर मराठीच, वयाने मोठे, सगळे सर म्हणायचो. कन्सेप्टमध्ये ८ मनोरे होते, सगळे जीआरसीचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटच्या पातळ पत्र्यांचे, आतून पोकळ, खालून स्लॅबने बंद. मी म्हटलं, सर, ८ कशाला, २ ठेवू, पण ते खरे ठेवू, खाली चौकात उतरवू, लोक चहा पीत बसतील तिथे वारा येईल. सर हसले. म्हणाले, "अरे बाबा, अख्ख्या बिल्डिंगला एसी आहे, वारा कशाला हवाय तुला? बरजील म्हणजे टोपी. टोपीत डोकं घालायचं असतं, मेंदू नाही." पूर्ण मीटिंगसमोर. मी साताऱ्याच्या वाड्यात वाढलोय, चौकात वारा कसा फिरतो ते मला बिल्डिंग सायन्सच्या पुस्तकातून शिकायला लागलं नव्हतं, पण तेव्हा नोकरीत दीडच वर्ष झालेलं, गप्प बसलो.

एवढं मात्र मिळवलं की वरची फुली ठेवली, कारण खाली उभं राहिलं की मनोऱ्याच्या उघड्या कमानींतून ती दिसते आणि फोटोत बरी येते. पुढे व्हॅल्यू इंजिनिअरिंग, म्हणजे खर्चाची काटछाट, झालं, ८ चे ५ झाले, आणि किचनचा एक्झॉस्ट गच्चीवर उघडा दिसतो म्हणून क्लायंट कुरकुरला. सरांनी तोडगा काढला, धुराचा पाइप, म्हणजे डक्ट, एका मनोऱ्याच्या आतून न्यायचा आणि आतच अर्ध्यावर सोडायचा, धूर आपोआप वर जाईल. तळाशी साफसफाईला एक लूव्हरचं, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या फटींचं, दार. ते दार उघडत होतं सगळ्यात महागड्या सूटच्या टेरेसवर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. मी विचारलं होतं, सर, वरून वारा आत आला तर? "टोपी आहे रे ती."

हॉटेल सुरू झालं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की वरून कमानीतून आत शिरायचा, फुलीला आपटायचा, धूर घेऊन खाली यायचा आणि लूव्हरमधून थेट टेरेसवर. ग्रिल्ड हमूर मासा आणि तळलेला कांदा, असा वास. रात्री वारा पडला की वास गायब, त्यामुळे इंजिनिअर रात्री चेक करून 'ऑल ओके' लिहायचे. ३ आठवडे कोणाला कळेना. शेवटी मी टेरेसवर उभा राहून एक टिश्यू पेपर लूव्हरसमोर धरला, तो सरळ बाहेर उडाला. इतकी वर्षं झाली, पण मी काढलेला एकमेव बरजील आणि तो शंभर टक्के चालला.

असो. तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही. जुन्या घरांचं छप्पर चंदलवर असायचं, म्हणजे पूर्व आफ्रिकेहून गलबतातून येणाऱ्या खारफुटीच्या बल्ल्या. त्यांची लांबी ठरलेली, म्हणून खोल्या साधारण ३ ते साडेतीन मीटर रुंद आणि लांबुळक्या. हॉटेलची खोली याच्याहून थोडीच रुंद असते, त्यामुळे खोल्यांत अस्सलपणा सहज येतो. बोंब होते ती लॉबीत, जिथे ३० मीटरचा हॉल हवा असतो आणि अशा मापाला जुन्या घरात काही आधारच नाही. तिथे एक मोठा हॉल करण्याऐवजी लहान-मोठे चौक जोडत न्या, आणि दारातून सरळ कारंजं दिसू देऊ नका. आत येताना एक वळण हवं, आपल्या देवडीसारखं. कमानींचं प्रमाण विचारलंत, ते मला विचारू नका, मी त्यात कच्चा.

हां, आणि ऑगस्टमध्ये ४५ डिग्री आणि वर दमट हवा असते तेव्हा बरजीलचा वारा म्हणजे गरम फुंकरच, हे मान्य. उघडा शाफ्ट म्हणजे आगीत धुराला रस्ता, तेव्हा फायरवाल्याला आधी विचारा. बंद खोल्यांत खरा बरजील नेऊ नका, फक्त चौकात. एवढ्यापुरते सर बरोबर होते.

मागे पुण्यात एका लग्नात भेटले. आता रिटायर झालेत. अजून म्हणतात, मनोऱ्याचा काही दोष नव्हता, डक्टवाल्याने चुकीच्या उंचीवर सोडला. सर, वाचत असाल तर सांगतो, डक्ट शॉप ड्रॉइंगप्रमाणेच, म्हणजे आपण मंजूर केलेल्या नकाशाप्रमाणेच, होता. खाली सही तुमची आहे, माझ्याकडे कॉपी आहे.