‘कॅरोल ऑफ द बेल्स’ आणि झेल्डाची ‘साँग ऑफ स्टॉर्म्स’ या दोन धुना एका रिमिक्समध्ये कशा एकजीव कराव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नाताळसाठी ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या गेममधील ‘साँग ऑफ स्टॉर्म्स’ आणि ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ यांचे रिमिक्स आपण करत आहात, दोन्ही धुना एकाच पट्टीत आणि एकाच लयीत आणल्या आहेत, तरीही शेजारच्या दोन खोल्यांत दोन वेगळी गाणी चालू असल्यासारखे ऐकू येते. हे रिमिक्स नंतर यूट्यूबवर टाकता येईल का, असेही आपण विचारले आहे. मी हौशी संगीतरचनाकार आहे आणि गेममधील संगीतावर बरीच वर्षे काम करत आलो आहे. आपण निवडलेली जोडी माझ्या मते अतिशय चांगली आहे. दोष निवडीत नसून दोन्ही धुनांना एकच काम दिल्यामुळे तो निर्माण झाला आहे, म्हणजे दोघींनाही एकाच वेळी मुख्य चाल म्हणून पुढे उभे केले आहे.

प्रथम या दोन धुना आतून कशा आहेत ते पाहू. मिकोला लिओन्टोविच या युक्रेनियन संगीतकाराने ‘श्चेद्रिक’ नावाची रचना केली आणि डिसेंबर 1916 मध्ये ती कीव्हमधील विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने प्रथम गायली. मूळ लोकगीत नववर्षाचे होते आणि घरात आलेली पाकोळी धन्याला सुबत्तेची वार्ता देते, असा त्याचा विषय होता. ओलेक्सांद्र कोशेत्स यांच्या गायकवृंदाने 1922 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर केले आणि 1936 मध्ये पीटर विल्हौस्की यांनी त्यावर घंटांचे इंग्रजी शब्द रचले. त्यामुळे आज आपण ज्याला नाताळचे गीत म्हणतो, त्याचा गाभा केवळ चार सुरांची एक छोटी आकृती आहे. ‘सा’ला आधार धरला तर ती कोमल ग, रे, कोमल ग, सा अशी आहे. तीन ठोक्यांच्या मात्रेत (येथे ‘मात्रा’ म्हणजे एक ठोका नव्हे, तर तीन ठोक्यांचा एक गट, इंग्रजीतला ‘बार’) ती एक पूर्ण ठोका, दोन अर्धे ठोके आणि पुन्हा एक पूर्ण ठोका अशी बसते, आणि जवळजवळ संपूर्ण रचनाभर ती वरच्या आवाजात फिरत राहते. रचनेतील खरी हालचाल खालच्या आवाजांत आहे. वरची आकृती जागची हलत नाही आणि तिच्याखाली सा, कोमल नि, कोमल ध, प अशी उतरण एकेका मात्रेला एक सूर या हिशेबाने चालते. तेच चार सूर दर वेळी नवे वाटतात, ते या उतरणीमुळे.

‘साँग ऑफ स्टॉर्म्स’ ही कोजी कोंडो यांची रचना आहे, ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ या 1998 च्या गेममधील. काकारिको गावातील पवनचक्कीत ती अखंड वाजत असते. या गेममध्ये खेळाडूच्या हातातील ऑकरिना या छोट्या फुंकवाद्यावर बटणांनी पाचच सूर वाजतात, पेटीच्या भाषेत सांगायचे तर: पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी सात आणि वरची पांढरी दोन. या मोजक्या सुरांतून कोंडो यांनी लक्षात राहतील अशा इतक्या चाली बांधल्या, याचे मला आजही फार कौतुक वाटते. या धुनेचा आरंभ त्यांतील तीन सुरांवर होतो: सा, कोमल ग, वरचा सा, आणि पुन्हा तेच. पुढे ती रें, गं (वरच्या सप्तकातले रे आणि कोमल ग), कोमल नि, प अशी वळते, मग सापासून वर चढून आधी पवर आणि दुसऱ्या वेळी रेवर थांबते. एकूण आठ मात्रांचे एक वाक्य होते.

आता पेटी घेऊन बसा आणि एक गोष्ट तपासा. कॅरोलच्या चार सुरांत धैवत नाही. गेमच्या धुनेच्या या आठ मात्रांच्या मुख्य वाक्यातही धैवत कोठेच येत नाही. म्हणजे दोन्ही चालींनी धैवताची जागा मोकळी ठेवली आहे. तो कोमल की शुद्ध, हे केवळ साथीतील कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरवतात आणि तेथेच आपली अडचण आहे. गेमच्या मूळ साथीत सावरचा मायनर, रेवरचा मायनर, कोमल गवरचा मेजर आणि परत रेवरचा मायनर असे कॉर्ड फिरतात. रेवरच्या मायनरमध्ये शुद्ध धैवत आहे, म्हणून त्या धुनेला काफी थाटाचा मोकळा, थोडा जत्रेतला रंग येतो. लिओन्टोविच यांच्या उतरणीत धैवत कोमल आहे, म्हणून तेथे आसावरी थाटाचे गांभीर्य आहे. आपण कदाचित दोन्ही साथी एकाच वेळी वाजू दिल्या असाव्यात. तसे केले की दोन्ही धैवत एकमेकांवर आपटतात आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ‘हे जुळत नाही’ असे लगेच जाणवते.

उपाय असा की चाल एका रचनेची घ्यावी आणि पाया दुसरीचा. आपल्या बाबतीत चाल गेमची ठेवावी आणि पाया कॅरोलचा घ्यावा. दोन्ही पांढरी दोनमध्ये आणा. कॅरोलची उतरण मुळात एका मात्रेला एक सूर अशी आहे, ती दुप्पट ताणा. पहिल्या दोन मात्रांना बेसमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात, सा, पुढच्या दोन मात्रांना कोमल नि, पुढच्या दोन मात्रांना कोमल ध आणि शेवटच्या दोन मात्रांना प द्या. गेमच्या आठ मात्रांच्या वाक्याखाली ही उतरण मुद्दाम लिहिल्यासारखी चपखल बसते. तिसऱ्या-चौथ्या मात्रेतील रें, गं, नि, प हे सूर कोमल निवर गोड लागतात, सहाव्या मात्रेतला लांब प कोमल धैवतावर टेकला की त्याला एक हुरहुर येते, आणि आठव्या मात्रेतला लांब रे पंचमावर ठेवल्याने वाक्य पुन्हा सावर यायला उत्सुक राहते.

यानंतर घंटांची चार सुरांची आकृती कोठे वाजवायची हे ठरवावे लागते. ती प्रत्येक मात्रेत वाजवू नये. बहुतेक हौशी रिमिक्समध्ये नेमके हेच बिघडलेले असते, कारण तयार केलेला तुकडा सॉफ्टवेअरमध्ये एकदा कॉपी केला की तो ओळीने चिकटवत जाणे फार सोपे असते. पहिल्या दोन मात्रांत घंटा मूळ रूपात वाजू द्या, तेथे चालीचे सा आणि ग त्यांना पूर्ण सामावून घेतात. तिसऱ्या मात्रेत मात्र चाल लांब रेवर उभी आहे आणि घंटेचा पहिला ठोका कोमल गवर पडतो. हे अर्ध्या सुराचे घर्षण भर ठोक्यावर येते आणि कानाला टोचते, म्हणून तिसऱ्या व चौथ्या मात्रेत घंटा थांबवा. सहाव्या मात्रेत चाल पवर स्थिर असते, तेथे घंटांना पुन्हा वाट द्या. आठव्या मात्रेत तोच रे-गचा प्रश्न परत येतो, परंतु तेथे थांबण्याऐवजी संपूर्ण आकृती एक पायरी खाली सरकवा: रे, सा, रे, शुद्ध नि. पंचमाच्या बेसवर हा शुद्ध निषाद आला की पुढचा सा आपोआप मागितला जातो आणि वाक्याचे चक्र पूर्ण होते. दोन लहान बदल आहेत, पण आकृतीची लय तीच राहिल्यामुळे श्रोत्याला ती कॅरोलच वाटते.

लयीच्या बाबतीत आपल्याला मराठी कानाचा फायदा आहे, तो अवश्य घ्यावा. घंटांची आकृती सहा अर्ध्या ठोक्यांत मोजली तर ती ‘ग – रे, ग सा –’ अशी पडते. पहिल्या आणि चौथ्या स्थानावर दोन्हीकडे गच आहे, म्हणजे ती तीन दुणे सहा अशी जितकी मोजता येते तितकीच दोन त्रिक सहा अशीही मोजता येते, आणि ही दुसरी मोजणी म्हणजे आपल्या दादऱ्याची चाल. गेमच्या धुनेची तिसरी मात्रा तर उघडपणे तीन-तीनमध्ये विभागलेली आहे: लांब रे, मग गं रें गं. म्हणून सुरुवातीला तीन ठोक्यांची सरळ लय ठेवावी आणि दुसऱ्या फेरीत तालवाद्यांचा जोर पहिल्या आणि चौथ्या स्थानावर न्यावा. वेग न बदलता सगळी रचना झुलू लागते. तबला घालाच असे मी म्हणत नाही. हलकी खंजिरी आणि मृदू ड्रम यांनीही हे साधते. वेग मिनिटाला 150 ते 170 ठोक्यांच्या आसपास ठेवून पाहा. त्याहून संथ केल्यास घंटांची आकृती रेंगाळते.

वाद्यांबद्दल एकच आग्रह धरतो. नाताळचा भास व्हावा म्हणून बहुतेक जण घसरगाडीचे घुंगरू सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत ठेवतात. तो आवाज वरच्या पट्ट्यातील सगळी जागा खातो आणि ज्या घंटांवर सारे अवलंबून आहे त्यांचीच धार घालवतो. ऑकरिनाच्या आवाजात उपस्वर फार कमी असतात, त्यामुळे तो गोल आणि मऊ असतो. त्याच्या वर एक सप्तक चढवून लहान घंटा ठेवल्या तर दोघेही एकमेकांच्या आड येत नाहीत. बेसची उतरण गायकवृंदाच्या आवाजाला द्या, कारण ‘श्चेद्रिक’ मुळात वाद्यांविना गायली जाणारी रचना आहे आणि पायाच्या जागी मानवी आवाज आला की ती ओळख न सांगता पोहोचते. मूळ गेममधून ध्वनी कापून घेऊ नका. सगळे सूर स्वतः लिहून, आपल्या ध्वनिसंचातून वाजवा. त्यातून आपल्याला प्रत्येक सुराची जबाबदारी घ्यावी लागते, आणि रिमिक्स करण्याचे खरे शिक्षण तेथेच होते.

संपूर्ण रचनेचा क्रम ठरवताना हे लक्षात ठेवा की कॅरोल चार सुरांत ओळखू येते, तर गेमची धून ओळखायला निदान तिची पहिली चार मात्रांची वळणे ऐकावी लागतात. म्हणून वेळेचा मोठा वाटा गेमच्या धुनेला द्यावा. ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स हे 1999 पासून चालणारे संकेतस्थळ गेमच्या संगीताच्या नव्या रचना परीक्षकांकडून तपासून घेते. तेथेही मूळ गेमचे संगीत ओळखू यावे आणि तेच प्रधान असावे, तरी मांडणी मात्र स्वतःची असावी, अशी अपेक्षा असते. मला ही कसोटी रास्त वाटते. आपण आरंभी गेमची मूळ साथ, शुद्ध धैवतासह, एकदा पूर्ण वाजू द्या. दुसऱ्या फेरीत ती साथ काढून गायकवृंदाची उतरण आणा. पाचव्या मात्रेवर प्रथमच कोमल धैवत येईल, त्या क्षणी काफीचा मोकळेपणा आसावरीत उतरेल आणि पवनचक्कीतून प्रार्थनामंदिरात आल्याचा प्रत्यय श्रोत्याला शब्दांविना येईल. माझ्या दृष्टीने संपूर्ण रिमिक्स या एका सुरासाठी करण्यासारखे आहे, म्हणून त्याआधी कोमल धैवत चुकूनही कोठे डोकावू देऊ नका. घंटा त्याच फेरीत आणा, आधी नको. मध्यभागी काही मात्रा केवळ कॅरोल राहू द्या, चालीशिवाय. अखेरीस पुन्हा शुद्ध धैवताकडे परत यायचे की नाही हा आपल्या रुचीचा प्रश्न आहे. मी स्वतः परत येत नाही, कारण लिओन्टोविच यांची रचनाही हळूहळू विरत त्याच चार सुरांवर थांबते आणि तो शेवट मला फार आवडतो.

आता प्रकाशनाविषयी. लिओन्टोविच यांचे निधन जानेवारी 1921 मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संगीतरचनेवरील स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांची चाल आपण मोकळेपणाने वापरू शकता. विल्हौस्की यांचे इंग्रजी शब्द मात्र अद्याप संरक्षित आहेत, तेव्हा गायकवृंदाला शब्द न देता केवळ आकार किंवा ‘ऊ’कार द्यावा. तसेच विद्युत गिटारवर वाजणारी या कॅरोलची जी लोकप्रिय रॉक मांडणी डिसेंबरात सर्वत्र ऐकू येते, तिची नक्कल करू नये. ती स्वतंत्र मांडणी असून तिच्यावर तिच्या कर्त्यांचा हक्क आहे. कोंडो यांच्या धुनेचे हक्क निन्टेन्डोकडे आहेत. हौशी रिमिक्स यूट्यूबवर मोठ्या संख्येने आहेत हे खरे, तरी ती परवानगी ठरत नाही. आपल्या चित्रफितीवर हक्काचा दावा येऊ शकतो किंवा ती काढून टाकण्यास सांगितले जाऊ शकते. जाहिरातींतून उत्पन्न घेऊ नका, विक्रीला ठेवायचे असल्यास आधी रीतसर परवाना घ्या, आणि वर्णनात गेमचे नाव, कोजी कोंडो आणि मिकोला लिओन्टोविच यांची नावे व मांडणी आपली असल्याचा उल्लेख स्पष्ट लिहा.