सहलीला नेलेलं जेवण दुपारपर्यंत गरम कसं ठेवावं?

सकाळी सहाला निघता आणि एक वाजता डबा उघडला की खिचडी कोमट, म्हणून कोणता डबा घ्यावा असं तुम्ही विचारलंय. नवा घेण्याआधी आहे तो डबा भरता कसा, ते बघा.

आम्ही एकदा डिसेंबरात पुण्याहून मेणवलीला गेलो होतो. मोठ्या कॅसरोलच्या तळाशी चार वाट्या मसालेभात, वर सगळी पोकळी. वाटेत पोरांनी "काय आणलंय?" करत दोनदा झाकण उघडलं. नाना फडणवीसांचा वाडा बघून घाटावर जेवायला बसलो, तर भातावरचं तूप थिजलेलं!

तेव्हापासून निघायच्या आधी डब्यात कडकडीत उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवते. नाहीतर थंडगार स्टीलच अन्नाची पहिली उष्णता खाऊन टाकतं. पाणी ओतून दिलं की लगेच, गॅसवरून उतरवलेलं, वाफाळतं अन्न गळ्यापर्यंत भरायचं. दोन लहान डब्यांपेक्षा एक मोठा, भरलेला डबा जास्त वेळ गरम राहतो. आणि वाटेत उघडायचा नाही. पोरांसाठी लाडू-चिवडा वेगळा ठेवा.

सात तासांसाठी कॅसरोलवर भिस्त ठेवू नका. त्याच्या दोन भिंतींमध्ये फोम असतो, तो तीन-चार तास निभावतो. रुंद तोंडाचा स्टीलचा व्हॅक्यूम डबा घ्या. त्याच्या भिंतींमधली हवाच काढलेली असते, त्यामुळे उष्णता जाते ती मुख्यतः झाकणातून. म्हणून मी झाकणावर जाड पंचा गुंडाळते. उकळतं पाणी भरल्यावर डबा बाहेरून गरम लागला, तर आतला व्हॅक्यूम गेलाय असं समजा.

एकदा घरीच परीक्षा घ्या. डबा तापवा, उकळतं पाणी भरा आणि सात तासांनी किचन थर्मामीटर बुडवा. ६० अंशांच्या वर असेल तर ठीक. त्याखाली अन्न तासन् तास राहिलं तर जंतू वाढतात. भाताचं तर जास्तच जपा, त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. घरात लहान मूल आणि सासूबाई आहेत म्हणताय, तर कोमट भात पोटात घालण्यापेक्षा टाकलेला बरा.

खिचडी आसटच करा, डब्यात ती आणखी फुगते. पिठलंही नेहमीपेक्षा सैल ठेवा. वरण, आमटी, रस्सा उत्तम. बटाटेवडे मात्र नेऊ नका, वाफेने कव्हर लिबलिबीत होतं.

पोळ्या गरम ठेवायचा नाद मी सोडून दिलाय. वाफ धरली की खालच्या दोन ओल्या गिच्च होतात. वाफ जाऊ देऊन सुती फडक्यात बांधते. पिठलं चटका देणारं असलं की गार भाकरीबद्दल आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही, नवरासुद्धा!

घरी आल्यावर झाकणाची रबरी रिंग काढून धुवा. लसणाचा वास तिथेच बसतो, आणि पुढच्या खेपेच्या शिऱ्याला लागतो.