एलईडी दिव्यांच्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला जास्त पैसे का द्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एलईडी दिवे बनवता. एक प्रयोगशाळा कमी पैशात चाचणी करून देते आणि तिच्याकडे आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र आहे. दुसरी आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार मान्यताप्राप्त आहे, पण बरीच महाग. मग हे जादा पैसे नेमके कशाचे, आणि 'मान्यताप्राप्त' म्हणजे कोणी काय तपासलेलं असतं?

मी प्रकाशमापनाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय आणि असेसरांच्या, म्हणजे मान्यतेसाठी तपासणी करायला येणाऱ्या तज्ज्ञांच्या, प्रश्नांना उत्तरंही दिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

९००१ चं प्रमाणपत्र संस्थेचा कारभार कसा चालतो ते पाहतं. नोंदी नीट आहेत का, तक्रारींचं पुढे काय होतं, वगैरे. या प्रयोगशाळेने ८०० ल्युमेन (दिव्याच्या एकूण प्रकाशाचं एकक) लिहिले तर ते खरोखर ८०० च्या आसपास आहेत का, हे तिथे कोणी विचारत नाही. १७०२५ चा सगळा भर याच प्रश्नावर आहे. मान्यता देणारी संस्था विषयातला जाणकार असेसर पाठवते आणि तो फायली चाळून निघून जात नाही. तो चाचणी समोर करून दाखवायला सांगतो आणि मोजणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी उभा राहतो. "दिवा स्थिर झाला हे तुम्ही कशावरून ठरवलं?" याचं उत्तर मॅनेजरने देऊन चालत नाही, ज्याच्या हातात काम आहे त्यानेच द्यावं लागतं.

हा स्थिरतेचा प्रश्न एलईडीच्या बाबतीत फार मोलाचा आहे. एलईडी थंड असताना जास्त प्रकाश देतो आणि तापत गेला की कमी होत जातो. एलएम-७९ या चाचणीपद्धतीच्या २००८ च्या आवृत्तीत म्हटलंय की दिव्याभोवतीचं तापमान २५ अंश सेल्सिअस, एक अंश इकडेतिकडे, एवढंच हवं. शिवाय अर्ध्या तासात पंधरा पंधरा मिनिटांनी घेतलेल्या किमान तीन रीडिंगमध्ये, सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान यांतला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला पाहिजे. मोठ्या हीटसिंकचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचा, दिवा असेल तर यात दोन तासही जातात. घाईतल्या प्रयोगशाळेने पाचव्या मिनिटाला रीडिंग घेतलं तर आकडा फुगलेला येतो. तो तुमच्या बाजूने असतो म्हणून तुम्हाला आवडतोही. पुढे ग्राहकाने तोच दिवा दुसरीकडे मोजून घेतला की मात्र उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

दुसरी अडचण इंटिग्रेटिंग स्फिअरची. आतून पांढऱ्या लेपाच्या त्या पोकळ गोलात दिवा लावून एकूण प्रकाश मोजतात. पण दिव्याचं स्वतःचं शरीरही थोडा प्रकाश शोषतं. काळ्या रंगाची मोठी फिटिंग असेल तर बराच शोषते. त्यासाठी गोलात एक सहाय्यक दिवा लावून ते शोषण वेगळं मोजावं आणि हिशेबात धरावं लागतं. दिवा गोलाच्या मानाने फार मोठाही नसावा. पूर्ण गोलातल्या मोजणीसाठी त्याचं पृष्ठफळ गोलाच्या आतल्या भिंतीच्या दोन टक्क्यांहून कमी असावं, असं एलएम-७९ सुचवते. लांबलचक फिटिंग छोट्या गोलात कशीबशी बसवून मोजलेली असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. तसल्या वस्तूसाठी गोनिओफोटोमीटर, म्हणजे दिव्याचा प्रकाश प्रत्येक दिशेने वेगवेगळा मोजणारं उपकरण, हवा.

तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही: गोल कशावरून कॅलिब्रेट केला, म्हणजे कोणत्या ज्ञात मूल्याच्या दिव्याशी ताडून घेतला? बहुतेक ठिकाणी संदर्भ दिवा हॅलोजनचा असतो. त्याच्या प्रकाशात लाल भरपूर आणि निळा फारच कमी. पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं उंच टोक असतं. गोलातल्या प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरचा प्रतिसाद मानवी डोळ्याच्या प्रमाणित वक्राशी हुबेहूब जुळत नसेल, तर हॅलोजनवर बरोबर येणारं उपकरण एलईडीवर चुकतं. म्हणून वर्णपटातल्या या फरकाची दुरुस्ती आकड्यात करावी लागते, किंवा प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर वापरावा लागतो. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाशमापन आयोगाने तर २०२३ मध्ये एलईडीचाच एक संदर्भ वर्णपट ठरवून दिला, तो याच कारणासाठी. असेसर विचारतो की संदर्भ दिवा कोणाकडून कॅलिब्रेट झाला, त्यांनी कोणाकडून करून घेतला, आणि ही साखळी राष्ट्रीय मापन संस्थेपर्यंत अखंड जाते का. मधली एक कडी जरी तुटली असेल तर पुढचं काम अडतं, आणि ते अडायलाच हवं.

याशिवाय तुलनात्मक चाचणीत भाग घ्यावा लागतो. तोच दिवा वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये फिरवतात, प्रत्येकीने मोजायचा, आणि मग आकडे संदर्भ मूल्याशी ताडून पाहतात. मला मान्यतेच्या सगळ्या प्रक्रियेत याचं महत्त्व सर्वांत जास्त वाटतं, कारण इथे कागदावरची भाषा कामाला येत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ४ई कार्यक्रमाखाली अशी एक मोठी तुलना झाली होती, तिचं नाव आयसी २०१३. त्यात काही दिव्यांच्या बाबतीत प्रकाशापेक्षा विजेच्या मोजणीत, म्हणजे करंट आणि पॉवर फॅक्टरमध्ये (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचं प्रमाण), लक्षात येण्याजोगी तफावत दिसली. स्वस्त ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं दिव्यातलं सर्किट, करंट सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतो. मग प्रयोगशाळेचा पुरवठा आणि वायरिंगसुद्धा आकड्यावर परिणाम करतात.

आता ज्या शब्दाकडे बहुतेक ग्राहक पाहतच नाहीत तो शब्द: स्कोप. मान्यता 'अमुक प्रयोगशाळेला' अशी सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट ठिकाणच्या, विशिष्ट चाचण्यांना, विशिष्ट पद्धतींसाठी मिळते, आणि त्यांची यादी म्हणजे स्कोप. एखाद्या प्रयोगशाळेला फिटिंगची विद्युत सुरक्षा आणि धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण यांची मान्यता असेल, पण प्रकाशमापनाची नसेल. तिच्या लेटरहेडवर १७०२५ दिसेल, ते खोटंही नसेल, पण तुमच्या ल्युमेनच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नसेल. म्हणून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन स्कोप स्वतः वाचा. पत्ता, मुदत, पद्धतीची आवृत्ती, मोजणीची मर्यादा, सगळं. प्रयोगशाळेने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. आणि मान्यता देणारी संस्था स्वतः इलॅकच्या, म्हणजे अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, परस्पर-मान्यता करारात आहे का तेही बघा. २००० सालच्या या करारात नसलेल्या संस्थेचा शिक्का परदेशी ग्राहक बहुधा मानत नाहीत.

अहवाल हातात आला की अनिश्चिततेचा, म्हणजे मोजलेला आकडा खऱ्या मूल्यापासून किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा, आकडा शोधा. समजा तुम्हाला किमान १,००० ल्युमेन हवेत, अहवालात १,०१५ आहेत आणि अनिश्चितता अडीच टक्के आहे. म्हणजे खरं मूल्य साधारण ९९० ते १,०४० च्या दरम्यान कुठेही असू शकतं. मग 'पास' लिहायचं की नाही? १७०२५ ची २०१७ ची आवृत्ती सांगते की असा निकाल द्यायचा तर निर्णयाचा नियम, म्हणजे अनिश्चितता धरून पास-नापास कसं ठरवायचं ते, आधी ठरवून ग्राहकाला कळवा. तो नियम विचारून घ्या. दोन चांगल्या प्रयोगशाळांचे आकडे दोन टक्क्यांनी वेगळे आले म्हणजे त्यांतली एक चुकली, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

आयुष्याच्या दाव्यांबद्दल मला विशेष कळकळ आहे, कारण तिथे सामान्य ग्राहक सर्वांत जास्त फसतो. 'एलएम-८० चाचणी झालेला दिवा' असं तुमच्या खोक्यावर छापू नका. एलएम-८० ही चाचणी एलईडी पॅकेजची (चिप बसवलेल्या सुट्या एलईडीची) किंवा मॉड्यूलची असते, पूर्ण दिव्याची नाही. ती किमान ६,००० तास, म्हणजे सलग २५० दिवस चालते. त्यावरून पुढचा अंदाज टीएम-२१ च्या रीतीने काढतात. वीस किंवा अधिक नमुने असतील तरी चाचणीच्या तासांच्या सहापटीपलीकडचं आयुष्य सांगता येत नाही. म्हणजे ६,००० तासांच्या माहितीवर जास्तीत जास्त ३६,०००. खोक्यावर ५०,००० लिहायचे असतील तर निदान ८,३३४ तासांची माहिती हवी, आणि तुमच्या फिटिंगमध्ये तो एलईडी प्रत्यक्षात किती तापतो याचं मापही हवं. ड्रायव्हर त्याआधीच जळाला तर हा सगळा हिशेब तिथेच थांबतो. त्याच्याबद्दल एलएम-८० काहीच सांगत नाही.

आणखी एक मर्यादा. अहवाल फक्त तुम्ही दिलेल्या नमुन्याचा असतो. निवडून निवडून चांगला दिवा पाठवलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा त्या चांगल्या दिव्याचाच खरा आकडा सांगेल, उत्पादनातल्या बाकीच्या दिव्यांची हमी देणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर डिझाइन सुरू असताना, म्हणजे हे हीटसिंक की ते अशी तुलना करताना, जवळची स्वस्त प्रयोगशाळा वापरली असती. तिथे दोन्ही नमुने एकाच गोलात मोजले जातात, म्हणून आकडा थोडा चुकला तरी त्यांच्यातला फरक कळतो. डेटाशीटवर छापायचा किंवा टेंडरला जोडायचा प्रत्येक आकडा मात्र स्कोपमध्ये ती चाचणी असलेल्या प्रयोगशाळेतूनच घेतला असता. नमुना पाठवण्याआधी तीन गोष्टी लेखी मागवा: एलएम-७९ ची कोणती आवृत्ती वापरणार, एकूण प्रकाशाच्या मोजणीत अनिश्चितता किती, आणि तुमच्या आकाराची फिटिंग गोलात मोजणार की गोनिओफोटोमीटरवर. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर त्यांचा दर काहीही असो, दुसरी प्रयोगशाळा शोधा.